वाट मोकळी करणारा सैनिक : मेजर रामा राघोबा राणे



शिवालिकच्या पायथ्याशी, चंडीमातेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या या छावणीत दरवर्षी गणराय येतात आणि घरापासून दीड-दोन हजार किलोमीटरवर राहणाऱ्या मराठी माणसाचे अंगण दहा दिवस गजबजून जाते. कुणी लष्करात, कुणी एमईएसमध्ये, कुणी बँकेत, तर कुणी चंदीगड-पंचकुल्यात स्वतःच्या व्यवसायात. आरतीला मात्र सगळे एका रांगेत उभे असतात. स्मरणिकेत अहवाल, जमाखर्च आणि मुलांची चित्रे असतात, तसे एखाद्या थोर व्यक्तीचे स्मरणही असावे, अशी आपल्याकडची चांगली प्रथा आहे. यंदा स्मरण करायचे आहे ते परमवीर चक्र विजेते मेजर रामा राघोबा राणे यांचे.

राणे यांचीच निवड का, याची तीन कारणे आहेत. पहिले असे की ते सॅपर होते, आणि आपल्या वाचकांपैकी कितीतरी जण सॅपर, माजी सॅपर किंवा सॅपरांच्या घरातले आहेत. दुसरे कारण चंडीमंदिराशी जोडलेले आहे. ज्या मोहिमेत राणे यांनी पराक्रम केला, ती मोहीम आपल्याच वेस्टर्न कमांडच्या अखत्यारीत लढली गेली होती. १५ सप्टेंबर १९४७ रोजी ‘दिल्ली अँड ईस्ट पंजाब कमांड’ या नावाने ही कमांड उभी राहिली आणि जानेवारी १९४८ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तेव्हा लेफ्टनंट जनरल करिअप्पा तिचे प्रमुख होते आणि जम्मू-काश्मीरची आघाडी तिच्याकडे होती. पुढे मुख्यालय सिमल्याला गेले आणि १९८५ मध्ये चंडीमंदिरला आले. १९७२ मध्ये नॉर्दर्न कमांडची स्थापना झाल्यावर राजौरीचा भाग तिकडे गेला, पण १९४८ च्या राजौरीचा इतिहास हा वेस्टर्न कमांडचाही इतिहास आहे.

तिसरे कारण बाप्पाचे. आपण गणरायाला विघ्नहर्ता म्हणतो. वाटेतली विघ्ने दूर करून मागून येणाऱ्यांची वाट मोकळी करणे हे ज्या सैनिकाचे अक्षरशः काम होते, त्याची आठवण गणेशोत्सवात काढणे यथोचित ठरेल.

चेंडियाचे राणे

राणे यांचे घराणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, घरात कोकणी आणि मराठीचे संस्कार. तो भाग आज कर्नाटकात असला तरी त्या काळी उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. रामाचा जन्म २६ जून १९१८ रोजी झाला. वडील राघोबा हे पोलीस खात्यात शिपाई होते. त्यांच्या बदल्या होत, त्यामुळे रामाचे शिक्षण एका शाळेत सलग झाले नाही. नवे गाव, नवी शाळा, नवे सवंगडी हा प्रकार आपल्या छावणीतल्या मुलांना वेगळा समजावून सांगायची गरज नाही. वडिलांच्या बदलीच्या हुकुमावर मुलाची शाळा बदलते, हे तेव्हाही तसेच होते आणि आजही तसेच आहे.

१९३० साली देश कायदेभंगाच्या चळवळीने ढवळून निघाला. उत्तर कानडा जिल्ह्यात, विशेषतः किनाऱ्यालगतच्या भागात, तिचा जोर मोठा होता. बारा वर्षांचा रामा त्या वाऱ्याने भारला गेला. वडील सरकारी नोकर, तेही पोलिसात. मुलगा सरकारविरोधी चळवळीकडे ओढला जातो आहे हे पाहून बापाच्या जिवाला घोर लागला असणार. राघोबांनी कुटुंब चेंडियाला परत नेले. मुलगा घरच्या माणसांच्या नजरेखाली राहावा हा हेतू उघड होता. यात वडिलांना दोष देण्यासारखे काही नाही. ज्या घराची चूल सरकारी पगारावर पेटते, त्या घराची ओढाताण ही अशी असते.

याच मुलाने दहा वर्षांनी इंग्रजांच्या सैन्यात नाव घातले, याचे काहींना नवल वाटेल. पण त्या पिढीतल्या हजारो घरांची हीच गोष्ट आहे. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते, भरती चालू होती आणि सैनिकी जीवनाची ओढ होती. १० जुलै १९४० रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, रामा राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे आपण ज्यांना बॉम्बे सॅपर्स म्हणतो त्या दलात दाखल झाले.

जवान ते अधिकारी

प्रशिक्षणात त्यांनी पहिल्याच फटक्यात आपली चुणूक दाखवली. आपल्या तुकडीतला सर्वोत्तम रिक्रूट म्हणून त्यांना कमांडंटची मानाची छडी मिळाली. नंतर त्यांची नेमणूक २६ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनमधील २८ फील्ड कंपनीत झाली. ही डिव्हिजन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांशी लढत होती.

तिथला एक प्रसंग त्यांच्या पुढच्या आयुष्याची चाहूल देणारा आहे. अराकानमधून आपल्या फौजा माघार घेत होत्या. बुथिडाँग येथील महत्त्वाची साधनसामग्री शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ती नष्ट करायची होती. हे काम करण्यासाठी राणे यांना दोन सेक्शनसह मागे ठेवण्यात आले. काम झाल्यावर नौदलाचे जहाज येऊन त्यांना घेऊन जाणार होते. काम चोख झाले, पण जहाज आले नाही. पुढे नदी आणि सगळीकडे जपानी गस्ती, अशा पेचात राणे आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतःच नदी पार केली, गस्ती चुकवल्या आणि बावली येथे १७ व्या डिव्हिजनला जाऊन मिळाले. या कामगिरीबद्दल त्यांना हवालदारपदी बढती मिळाली. पुढे ते जमादार झाले. आजच्या भाषेत सांगायचे तर नायब सुभेदार.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. त्यानंतर बरोबर चार महिन्यांनी, १५ डिसेंबर १९४७ रोजी, राणे यांना कोअर ऑफ इंजिनिअर्समध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळाले. त्या वेळी ते साडेएकोणतीस वर्षांचे होते. या हुद्द्यावरचे बहुतेक अधिकारी विशीतले, नुकतेच अकादमीतून आलेले असत. राणे यांच्या खांद्यावरचा एक तारा नवा होता, पण त्यामागे साडेसात वर्षांचा फावडा, सुरुंग आणि लढाईचा अनुभव होता. जवानाचे बूट त्यांनी स्वतः घातले होते. पुढच्या चार महिन्यांत जे घडले, ते समजून घेताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

राजौरीची वाट

आता थोडे काश्मीरच्या आघाडीकडे वळू. ऑक्टोबर १९४७ मध्ये टोळीवाल्यांनी काश्मीरवर हल्ला केला. २६ ऑक्टोबरला महाराजा हरिसिंग यांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी आपले सैन्य श्रीनगरच्या विमानतळावर उतरले. ही कथा सर्वांना माहीत असते. जम्मू भागात, पीरपंजालच्या दक्षिणेला जे घडले, ते मात्र तितके सांगितले जात नाही. नोव्हेंबर १९४७ मध्ये, ऐन दिवाळीच्या सुमारास, राजौरी शहर हल्लेखोरांच्या हाती पडले. आसपासच्या खेड्यांतून जीव वाचवून आलेली माणसेही तिथे जमली होती. त्यांपैकी फार मोठ्या संख्येने लोक मारले गेले. जे वाचले, ते पाच महिने शत्रूच्या ताब्यात होते.

२४ डिसेंबर १९४७ रोजी झांगर हातचे गेले. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी नौशेराची मोठी लढाई झाली. त्यात नाईक जदुनाथ सिंह यांनी ताइंधारच्या चौकीवर प्राण दिले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवले. १८ मार्चला ब्रिगेडियर उस्मान यांच्या नेतृत्वाखाली झांगर परत जिंकले गेले. यानंतर पुढचे लक्ष्य होते राजौरी.

नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता डोंगराच्या कडेने वळणे घेत जातो. शत्रूने त्या रस्त्याची जमेल तितकी नासधूस करून ठेवली होती. जागोजागी चिडाची मोठी झाडे तोडून आडवी टाकली होती. मोऱ्या उडवून दिल्या होत्या, रस्त्याचे बांध फोडले होते आणि मधूनमधून सुरुंग पेरले होते. शिवाय या प्रत्येक अडथळ्यावर वरच्या टेकड्यांतून मशीनगनचा मारा करता येईल अशी व्यवस्था होती. आपल्याजवळ रणगाडे होते, पायदळ होते, हिंमतही होती. पण वाट नसेल तर रणगाडा म्हणजे नुसता लोखंडाचा ढीग. रणगाडे पुढे गेले नाहीत तर पायदळाला आधार नाही. रसद पुढे गेली नाही तर जिंकलेली जागा टिकत नाही. सगळी मोहीम येऊन ठेपली होती ती सॅपरांच्या एका छोट्या तुकडीवर. ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या या तुकडीचे प्रमुख होते सेकंड लेफ्टनंट रामा राणे.

ज्यांनी हे काम कधी पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. सुरुंग शोधणारा माणूस बहुतेक वेळ जमिनीशी वाकलेला असतो. त्याच्या हातात बंदूक नसते, असते ती जमीन टोचून पाहायची सळई किंवा संगीन. टोचताना हात हलका ठेवावा लागतो. सुरुंग लागला की बोटांनी माती बाजूला करायची, तो निकामी करायचा, मग पुढचा वीतभर तुकडा. या कामात घाई चालत नाही. शत्रूचा मारा सुरू झाला तर पायदळातला जवान आडोसा घेऊन उलट गोळीबार तरी करू शकतो. सॅपरला मात्र मारा चालू असताना आपली नजर जमिनीवरच ठेवावी लागते.

८ ते ११ एप्रिल १९४८

राणे यांच्या परमवीर चक्राचे प्रशस्तिपत्र वाचताना एक गोष्ट जाणवते. त्यात घड्याळाचे काटे फार आहेत. एखाद्या टेकडीवरच्या एका झटापटीची ही हकीकत नाही, चार दिवसांच्या कामाची ती जवळजवळ हजेरीच आहे.

८ एप्रिलला ४ डोग्रा पलटण नौशेराच्या उत्तरेला सुमारे ११ किलोमीटरवर असलेल्या बारवाली टेकडीवर चाल करून जाणार होती. राणे यांच्या तुकडीने रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढायचे होते. सकाळी ११ वाजता, नादपूर दक्षिणजवळ, तुकडी रणगाड्यांपाशी थांबलेली असताना शत्रूच्या उखळी तोफांचा मारा सुरू झाला. काम सुरू होण्याआधीच तुकडीतले दोन जण ठार झाले आणि पाच जण जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. त्यांनी लगेच तुकडीची नव्याने जुळवाजुळव केली आणि कामाला हात घातला. दिवसभर ते माऱ्याखाली रणगाड्यांसोबत राहिले. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास बारवाली टेकडी हाती आली. आसपासचा भाग शत्रूपासून पुरता मोकळा झालेला नाही हे माहीत असूनही राणे आपली माणसे घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी पर्यायी वाट करू लागले. शत्रूला दिसतील अशा जागी, मशीनगनच्या माऱ्याखाली, रात्री १० वाजेपर्यंत काम चालले.

९ एप्रिलला सकाळी ६ वाजता पुन्हा सुरुवात. दुपारी ३ वाजता वाट तयार झाली. रणगाडे निघाले तेव्हा राणे सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत बसले. अर्ध्या मैलावर आडवी झाडे. उतरून ती स्फोटकांनी उडवली. आणखी तीनशे यार्डांवर तोच प्रकार. पाच वाजत आले. पुढच्या वळणावर मोरी उडवलेली. काम सुरू व्हायच्या आत मशीनगन धडाडू लागल्या, तरीही बाजूने वाट काढून दिली. सव्वासहाला उजेड कमी होत असताना पाच मोठ्या झाडांचा अडथळा आला. त्याच्याभोवती सुरुंग, आणि त्यावर मशीनगनचा मारा. राणे तेही काढायला बसले होते. पण परिस्थिती पाहून रणगाडा पथकाच्या प्रमुखांनी रात्रीपुरता मुक्काम करायचे ठरवले.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाचला राणे त्याच अडथळ्यावर हजर होते. साडेसहापर्यंत तो निघाला. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची माळच होती, आणि फोडलेले बांधही. साडेदहापर्यंत तीही वाट मोकळी झाली. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी २ वाजता चिंगसला पोहोचले. चिंगस म्हणजे मोगल काळातली सराई. काश्मीरहून परतताना १६२७ साली जहांगीर बादशहाचा मृत्यू झाला, तेव्हा त्याची आतडी इथे पुरली गेली आणि त्यावरून गावाला हे नाव पडले, असे सांगतात.

रणगाडे पोहोचले होते, त्यामुळे काम संपले असे म्हणायला हरकत नव्हती. पण मागे रसदीच्या गाड्या होत्या आणि त्या नदीच्या पात्रातून येऊ शकत नव्हत्या. दाणागोटा, दारूगोळा आणि जखमींना न्यायची सोय, सगळे त्या रस्त्यावर अवलंबून होते. राणे रस्त्यावरच राहिले. अन्न नाही, विश्रांती नाही, अंगावर दोन दिवसांपूर्वीची जखम, अशा अवस्थेत रात्री ९ वाजेपर्यंत काम केले. पहाटेपासून धरले तर सव्वासोळा तास होतात. ११ एप्रिलला पुन्हा सकाळी ६ ला सुरुवात झाली आणि ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. त्या दिवशीही रात्री १० वाजेपर्यंत पुढचा रस्ता साफ करण्याचे काम चालूच होते.

१२ एप्रिलला आपले सैन्य राजौरीत पोहोचले. दुसऱ्या दिवशी बैसाखी होती. राजौरीत आजही १३ एप्रिल हा दिवस ‘राजौरी दिवस’ म्हणून पाळला जातो. आपण पंजाब-हरियाणात राहणारी मंडळी बैसाखीला शेजाऱ्यांच्या घरी गोडधोड खायला जातो. त्या दिवसाला राजौरीच्या घराघरांत सुटकेचाही अर्थ आहे, हे आपल्याला माहीत असायला हवे. राणे यांच्या कामाने एक रस्ता खुला झाला एवढेच नव्हे. चिंगस आणि राजौरी परिसरातले कितीतरी नागरिक त्यामुळे वाचले. शहरात माणसे मृत्यूच्या छायेत दिवस काढत होती आणि वाटेत लागणाऱ्या प्रत्येक तासाला किंमत होती. म्हणूनच प्रशस्तिपत्रातले ते घड्याळाचे काटे महत्त्वाचे आहेत.

परमवीर चक्र

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्राची स्थापना झाली. १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमासाठी हा सन्मान लागू करण्यात आला. २१ जून १९५० रोजी राणे यांच्या सन्मानाची घोषणा झाली. १९४७-४८ च्या युद्धासाठी एकूण पाच परमवीर चक्रे दिली गेली. मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंह आणि कंपनी हवालदार मेजर पीरू सिंह यांना ती मरणोत्तर मिळाली. राणे आणि शीख रेजिमेंटचे लान्स नाईक करम सिंह या दोघांना हयातीत मिळाली.

आपल्या दृष्टीने आणखी एक अभिमानाची गोष्ट म्हणजे या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. जन्माने त्या युरोपीय, मूळ नाव ईव्ह. मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून त्या इथल्याच झाल्या. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी पुस्तकही लिहिले. वृत्रासुराच्या वधासाठी आपल्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींची कथा त्यांच्या मनात होती. त्या अस्थींपासून इंद्राचे वज्र झाले. कांस्य पदकावर राजमुद्रेभोवती त्यांनी त्या वज्राच्या चार प्रतिकृती योजल्या. एका खानोलकर सुनेने घडवलेले पदक चेंडियाच्या राण्यांच्या छातीवर लागले, हा योग सुरेखच म्हणायचा.

पदकानंतरचे आयुष्य

युद्धकथा बहुधा इथे संपतात. राणे यांचे आयुष्य मात्र इथे संपले नाही, आणि म्हणूनच ते विशेष पाहण्यासारखे आहे. राजौरीनंतर ते ४६ वर्षे जगले. त्यांतली पहिली वीस वर्षे सैन्यातच गेली. २८ वर्षांच्या सेवेत पाच वेळा त्यांचा डिस्पॅचेसमध्ये उल्लेख झाला. २५ जून १९६८ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते मेजर म्हणून निवृत्त झाले. त्यानंतरही एप्रिल १९७१ पर्यंत ते पुनर्नियुक्तीवर काम करत राहिले.

मेजर म्हणजे फार वरचा हुद्दा नव्हे. परमवीर चक्र मिळालेला माणूस जनरल व्हायला हवा होता, असे कुणाला वाटेल. पण जवान म्हणून भरती होऊन साडेएकोणतिसाव्या वर्षी अधिकारी झालेल्या माणसाला वयाची शिडी कुठवर नेते, हे आपल्या वाचकांना पक्के ठाऊक आहे. खालून वर येणाऱ्या अधिकाऱ्याचा एक-एक हुद्दा दुप्पट मोलाचा असतो.

याच काळात त्यांचा संसार उभा राहिला. पत्नी राजेश्वरी आणि चार मुले असे त्यांचे कुटुंब. परमवीराचे घर बाहेरून पाहणाऱ्याला पदक दिसते. आत मात्र तेच असते जे प्रत्येक लष्करी घरात असते : बदलीच्या ट्रंका, नव्या शाळेतला प्रवेश, कधी कुटुंबासह तर कधी एकट्याने राहण्याची वर्षे, आणि पन्नाशीत निवृत्ती आल्यावर मुलांच्या शिक्षणाची काळजी. ज्यांना मरणोत्तर सन्मान मिळाला त्यांच्या घरच्यांचे दुःख वेगळे. ज्याला हयातीत मिळाला त्याला तो आयुष्यभर सांभाळावा लागतो. सकाळी तो संचलनात मानाने उभा राहतो, आणि संध्याकाळी घरी येऊन चार मुलांचा बाप होतो. राणे यांनी दोन्ही सांभाळले. त्यांच्या मागे राजेश्वरीताईंनी त्यांच्या आठवणी जपल्या आणि लिहिणाऱ्यांना सांगितल्या, म्हणून पुढच्या पिढीला हा माणूस पदकापलीकडेही थोडाफार कळला.

११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये त्यांचे निधन झाले. वयाची ७६ वर्षे पूर्ण होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

वडिलांचे नाव

आपल्या मराठी रीतीप्रमाणे माणसाचे नाव लिहिताना मध्ये वडिलांचे नाव येते. लष्कराच्या कागदपत्रांत पुष्कळांच्या मधल्या नावाची नुसती आद्याक्षरे उरतात. राणे यांच्या बाबतीत मात्र ते पूर्ण राहिले. प्रशस्तिपत्रात रामा राघोबा राणे. शिपिंग कॉर्पोरेशनने आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीर चक्र विजेत्यांची नावे दिली, तेव्हा १९८४ साली दाखल झालेल्या एका जहाजावर रंगवले गेले तेही लेफ्टनंट रामा राघोबा राणे, पीव्हीसी. मुलगा चळवळीत जाऊन अडचणीत येईल या काळजीने घर उचलून गावी नेणारा एक साधा पोलीस शिपाई मुलाच्या नावासोबत समुद्रावर फिरला. कोणत्याही बापाला यापेक्षा मोठी पेन्शन काय मिळणार?

कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर, ‘चपळ’ या युद्धनौकेच्या संग्रहालयाशेजारी, २००६ साली राणे यांचा पुतळा बसवण्यात आला. दिल्लीत २०१९ साली झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या परमयोद्धा स्थळावर एकवीसही परमवीरांचे अर्धपुतळे आहेत. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधल्या एकवीस बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली, त्यांत एक बेट राणे यांच्या नावाचे आहे. गाडीने दिल्लीमार्गे गावी जाताना मधे अर्धा दिवस मिळाला तर मुलांना समर स्मारकावर अवश्य न्यावे.

आपल्यासाठी

राणे यांच्याकडून काय घ्यायचे, असा प्रश्न उत्सवाच्या निमित्ताने विचारला तर उत्तर अवघड नाही. पराक्रम म्हटले की आपल्याला उगारलेली तलवार आठवते. राणे यांचा पराक्रम वाकून केलेल्या कामाचा आहे. राजौरीत प्रथम शिरणाऱ्यांत त्यांचे नाव शोधायला जाऊ नये. ते मागे रस्त्यावर होते, कारण मागून येणाऱ्यांना रस्ता हवा होता. चिंगसला रणगाडे पोहोचल्यावरही जे काम त्यांनी पुढचा दीड दिवस केले, ते पाहायला तिथे टाळ्या वाजवणारे कुणी नव्हते. इंजिनिअर दलाचे बोधवाक्य ‘सर्वत्र’ असे आहे. सर्वत्र असणाऱ्याला बहुधा कुणी पाहत नाही. रस्ता सुरळीत असला की तो कुणी केला हे विचारायचे कुणाला सुचत नाही.

आणखी एक गोष्ट. ८ एप्रिलला सकाळी अकरा वाजता राणे यांच्या तुकडीतले जे दोन जवान पडले, त्यांची नावे या कथेत सहसा घेतली जात नाहीत. जे चौघे राणे यांच्यासोबत जखमी झाले, त्यांचीही नाहीत. चार दिवस त्यांच्या शेजारी वाकून माती उपसणाऱ्या बाकीच्या सॅपरांचीही नाहीत. पदक एकाच्या छातीवर लागते, सळई मात्र अनेकांच्या हातात असते. चंडीमंदिरच्या ‘वीरस्मृती’ स्मारकासमोर उभे राहून आपण मान झुकवतो, तेव्हा त्या निनावी हातांनाही वंदन करावे.

आपल्या या छोट्या मंडळातही असे हात आहेत. मंडपाचे खांब पुरणारे, पहाटे उठून प्रसादाची पातेली चढवणारे, विसर्जनानंतर मागे थांबून मैदान झाडून घेणारे. परमवीरांशी त्यांची तुलना कुणी करणार नाही. पण मागून येणाऱ्यासाठी वाट स्वच्छ ठेवायची, ही शिकवण लहान कामातही तीच आहे.

विघ्नहर्त्या गजाननाच्या चरणी प्रार्थना एवढीच, की वाटेतली विघ्ने दूर करणारी अशी माणसे आपल्या घराघरांत निपजोत, आणि त्यांना राणे यांच्याप्रमाणे आपल्या लेकराबाळांत दीर्घ आयुष्य लाभो.

मेजर रामा राघोबा राणे यांना आणि त्यांच्या सोबतच्या सर्व सॅपरांना चंडीमंदिरच्या मराठी परिवाराचा मानाचा मुजरा.

गणपती बाप्पा मोरया!